सार्वजनिक जागेत कला सादर करणाऱ्यांसाठी नियम आणि परवानग्या (महाराष्ट्र) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर, चौकात, बागेत किंवा नदीकाठी गाणारे, वाजवणारे, पथनाट्य करणारे, जादू किंवा कसरती दाखवणारे कलावंत आणि वासुदेव, गोंधळी, बहुरूपी यांसारखे परंपरेने फिरस्ती करणारे कलावंत, अशा सर्वांकडून वरचेवर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. रोख महाराष्ट्रातील कायद्यांवर आहे. प्रत्येक शहराच्या पोलीस आयुक्तालयाचे आणि महापालिकेचे आदेश वेगवेगळे असतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी आपल्या हद्दीतील चालू आदेश पाहून घ्यावेत.

रस्त्यावर कला सादर करण्यासाठी एखादा ठरावीक परवाना असतो का?

नाही. ‘पथकलावंत’ या नावाचा आणि एकदा काढला की राज्यभर चालेल असा परवाना महाराष्ट्रात नाही. आपण नेमके काय करणार, कोठे करणार आणि किती आवाजात करणार यावर परवानगी कोणाची लागेल हे ठरते. म्हणून ‘परवानगी लागते का’ असे मोघम विचारण्याऐवजी तीन गोष्टी आधी निश्चित कराव्यात: जागा कोणाच्या ताब्यात आहे, ध्वनिवर्धक किंवा मोठ्या आवाजाचे वाद्य वापरले जाणार आहे का, आणि गर्दी जमून रहदारीला अडथळा होण्याची शक्यता आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत, रेल्वे, पुरातत्त्व विभाग किंवा खासगी मालक यांपैकी कोणाकडे जायचे ते सांगते. उरलेल्या दोन्ही बाबी मुख्यतः पोलिसांच्या अखत्यारीत येतात. बहुतेक वाद कलेच्या आशयावरून होत नाहीत. कलावंताने एका कार्यालयाची परवानगी घेतलेली असते आणि जागा दुसऱ्याच कार्यालयाच्या ताब्यातील निघते, यातून ते होतात.

मग सार्वजनिक जागेत कला सादर करणे हा आमचा हक्क आहे की प्रशासनाने दिलेली सवलत?

हक्क आहे, परंतु तो निर्बंधांच्या अधीन आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भाषण व अभिव्यक्तीचे, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे आणि कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अशा ठरावीक कारणांसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही राज्याला दिली आहे.

या संदर्भात प्रत्येक कलावंताने लक्षात ठेवावा असा एक निकाल आहे. ‘हिम्मतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ साली, आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाखालील नियम तपासले. रस्त्यावरील सभांचे नियमन करणे राज्याच्या अधिकारात आहे, मात्र रस्त्यांवर सभाच होऊ द्यायची नाही असे सरसकट ठरवता येणार नाही, आणि परवानगी देण्या-नाकारण्याचे कोणतेही निकष न सांगता अधिकाऱ्याच्या हाती अमर्याद अधिकार देणारा नियम टिकणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो निकाल सभांविषयीचा होता, तरी ‘नियमन चालेल, सरसकट बंदी चालणार नाही’ हे त्यातील तत्त्व पथनाट्याच्या किंवा गायनाच्या अर्जाला नकार मिळाल्यास आधार म्हणून पुढे मांडता येते.

पोलिसांची परवानगी नेमकी कोणत्या कायद्याखाली घ्यावी लागते?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३३ ने पोलीस आयुक्तांना, आणि आयुक्तालय नसलेल्या भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, सार्वजनिक करमणुकीचे प्रयोग, रस्त्यावरील सभा व मिरवणुका, तसेच रस्त्यात किंवा रस्त्यालगत वाद्ये वाजवणे यांबाबत नियम करण्याचा आणि परवाने ठरवण्याचा अधिकार दिला आहे. म्हणूनच एका शहरातील अटी दुसऱ्या शहरात तशाच्या तशा सापडत नाहीत.

याच अधिनियमातील कलम ३७ कडे अधिक लक्ष द्यावे. सामान्य बोलण्यात ज्याला ‘जमावबंदी’ म्हणतात ते आदेश याच कलमाखाली निघतात, आणि मोठ्या शहरांत ते वरचेवर निघत असतात. लोक एकत्र जमण्यास मनाई करता येते हे बहुतेकांना ठाऊक असते; परंतु जाहीरपणे घोषणा देणे, गाणी म्हणणे आणि वाद्ये वाजवणे यांनाही याच कलमाने मनाई करता येते हे अनेक कलावंतांना प्रत्यक्ष कारवाई झाल्यावरच कळते. जमावावरील बंदीचा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ अमलात राहू शकत नाही. त्यामुळे प्रयोगाच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन चालू आदेशाचा कालावधी आणि त्यात नेमके काय मना केले आहे ते वाचून घेणे हिताचे ठरते, कारण आधी मिळालेली परवानगी नंतर निघालेल्या मनाई आदेशापुढे टिकेलच असे नाही.

ध्वनिवर्धक नसला, केवळ गळा आणि एखादे वाद्य असले, तर ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू होतात का?

होतात, आणि याविषयी गैरसमज फार आहेत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार ध्वनिवर्धकासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, हा एक भाग झाला. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंद सभागृहासारख्या जागा वगळता ध्वनिवर्धकाला मनाई आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर ही मनाई ध्वनी निर्माण करणाऱ्या साधनांना व वाद्यांनाही लागू झाली आहे. म्हणजे रात्री साडेदहा वाजता पदपथावर ढोलकी वाजवणाऱ्याला ‘माझ्याकडे माईक नाही’ हा बचाव पुरत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. ते दिवस आधी जाहीर होतात आणि त्या दिवशीही आवाजाची मर्यादा कायम असते.

मर्यादा किती, हे आकड्यांत सांगायचे तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, वाणिज्य भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. ध्वनिवर्धक वापरला तर सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जी पातळी कमी असेल ती ओलांडता येत नाही. लहानसा बॅटरीवर चालणारा स्पीकरही ‘ध्वनिवर्धक’च ठरतो. तो खांद्याला अडकवता येतो म्हणून परवानगीतून सुटत नाही.

रुग्णालय किंवा शाळेजवळ सादरीकरण केले तर?

करू नये. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्या सभोवती किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. अशा क्षेत्रात संगीत वाजवणे, ढोल बडवणे, कर्णा फुंकणे हे तर दंडनीय आहेच, परंतु त्याच नियमात गर्दी खेचणारे नकलांचे, संगीताचे किंवा इतर कोणतेही प्रयोग दाखवणे हीदेखील स्वतंत्र बाब म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे मूकाभिनय करणाऱ्या, आवाजच न करणाऱ्या कलावंतावरही शांतता क्षेत्रात कारवाई होऊ शकते. जागा निवडताना सभोवतालच्या शंभर मीटरमध्ये काय आहे हे पायी फिरून पाहावे. मुख्य रस्त्यावरून न दिसणारे प्रसूतिगृह मागच्या गल्लीत असू शकते.

महापालिकेकडून काय घ्यावे लागते?

रस्ता, पदपथ, चौक, उद्यान आणि मैदान हे बहुधा महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या ताब्यात असतात. मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू होतो, उर्वरित महानगरपालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, तर नगरपरिषदा व नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम. मुंबईच्या अधिनियमातील कलम ३१३ ब हे कलावंतांनी मुद्दाम वाचावे: मोबदल्यासाठी सार्वजनिक जागेत किंवा रस्त्यावर हस्तकौशल्य वापरण्यास अथवा लोकांना सेवा देण्यास आयुक्तांचा परवाना लागतो असे ते म्हणते. पदपथावर बसून रेखाचित्रे काढून देणारे किंवा मेंदी काढणारे यांना त्याचा थेट संबंध येतो.

उद्यानांसाठी उद्यान विभाग, मैदानांसाठी मालमत्ता विभाग किंवा प्रभाग कार्यालय आणि पदपथासाठी प्रभाग कार्यालय, अशी सर्वसाधारण विभागणी असते. मंच, पडदा, खांब, कमान किंवा फलक उभारायचा असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी व बहुधा अनामत रक्कम लागते. शक्य असेल तेथे काहीच उभारू नये असा आमचा सल्ला आहे, कारण जमिनीत काही रोवले की अर्ज अतिक्रमण विभागाच्या नजरेखाली जातो आणि प्रक्रिया लांबते.

फेरीवाला कायद्याचे संरक्षण कलावंतांना मिळते का?

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ मध्ये पथविक्रेत्याच्या व्याख्येत वस्तू विकणाऱ्यांबरोबर लोकांना सेवा देणाऱ्यांचाही समावेश आहे, परंतु कलावंतांचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला नाही. केवळ गाणाऱ्याला किंवा जादू दाखवणाऱ्याला यात बसवून घेणे अवघड जाते. आपली ध्वनिफीत, चित्रे किंवा बासऱ्या विकणारा मात्र विक्रेता म्हणून नोंदणीची मागणी करू शकतो. आमच्या मते कलावंतांसाठी प्रत्येक शहरात जागा आणि वेळा ठरवून देणारे स्पष्ट धोरण हवे आणि नगर पथविक्रेता समित्यांपुढे ही मागणी संघटितपणे मांडली गेली पाहिजे. आज कायद्यात कलावंताचे स्थान रिकामे आहे आणि त्या रिकाम्या जागी भिक्षा प्रतिबंधक कायदा येऊन बसतो.

समोर टोपी किंवा चादर ठेवून पैसे घेतले तर ती भीक ठरते का?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम महाराष्ट्रात आजही अमलात आहे. त्यातील भीक मागण्याच्या व्याख्येनुसार सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे म्हणजे भीक मागणे, मग ते गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे अशा बहाण्याने केलेले असो वा नसो. पोलीस अधिकारी अशा व्यक्तीला वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतो आणि न्यायालय तिला पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांपर्यंत प्रमाणित संस्थेत ठेवण्याचा आदेश देऊ शकते, अथवा समज देऊन बंधपत्रावर सोडू शकते.

व्याख्येतील ‘बहाण्याने’ या शब्दावर सर्व काही अवलंबून आहे. कला हा बहाणा नसून तेच काम आहे, आणि ऐकणाऱ्याने दिलेले पैसे त्या कामाचा मोबदला आहेत, हे दाखवता आले तर कलावंताची बाजू भक्कम होते. सादरीकरणाची लेखी परवानगी, संस्थेचे किंवा कलावंत संघटनेचे ओळखपत्र, आधीच्या कार्यक्रमांची पत्रे, वाद्याची पावती अशा गोष्टी सोबत असाव्यात. लोकांच्या मागे जाऊन, गाडीच्या काचेवर टकटक करून किंवा सिग्नलला थांबलेल्यांपुढे हात करून पैसे मागू नयेत. भांडे किंवा फलक एका जागी ठेवावा आणि देणे पूर्णपणे ऐच्छिक असल्याचे त्यावर लिहावे. कायद्याने अधिकृत केलेल्या हेतूसाठी पैसे स्वीकारणे या व्याख्येतून वगळलेले आहे, म्हणून परवानगीच्या अर्जातच ‘प्रेक्षकांकडून ऐच्छिक मानधन स्वीकारले जाईल’ असे वाक्य घालावे आणि परवानगी त्या वाक्यासह मिळेल असे पाहावे.

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या या अधिनियमातील तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालाने महाराष्ट्रातील अंमलबजावणी थांबत नाही, परंतु येथील न्यायालयापुढे त्यातील युक्तिवाद मांडता येतो. गाणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला नाव घेऊन भिकाऱ्यांच्या व्याख्येत ओढणारी ही तरतूद बदलली पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

अर्जात काय लिहावे?

जितके नेमके लिहाल तितके बरे. ‘शहरात विविध ठिकाणी सांस्कृतिक कार्यक्रम’ अशा मजकुराच्या अर्जावर कोणताही अधिकारी सही करण्यास कचरतो, कारण उद्या काही झाले तर जबाबदारी कशाची घेतली हे त्यालाच सांगता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक चौकातील बसथांब्यापासून वीस फूट अंतरावर, पदपथाच्या भिंतीकडील बाजूस, आठ फूट बाय सहा फूट जागेत, दोन कलावंत बासरी व तबला वाजवतील, ध्वनिवर्धक नाही, मंडप अथवा खुर्च्या नाहीत, वेळ सायंकाळी साडेपाच ते सात, पादचाऱ्यांसाठी किमान सहा फूट वाट मोकळी राहील.’ सोबत हाताने काढलेला साधा नकाशा जोडावा आणि त्यावर दुकानांची दारे, बसथांबा व वळण दाखवावे. पथनाट्य असल्यास संहितेची प्रत द्यावी लागते.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक आवक कक्षात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय तेथून हलू नये. ‘साहेबांनी तोंडी हो म्हटले आहे’ याला प्रत्यक्ष रस्त्यावर काहीही किंमत नसते, कारण संध्याकाळी गस्तीवर येणारा अंमलदार वेगळा असतो. पोलीस ठाण्याकडील अर्ज बहुधा वाहतूक शाखेच्या अभिप्रायासाठी जातो, तेव्हा त्यासाठी पुरेसा अवधी हाताशी ठेवून अर्ज करावा.

पथनाट्याच्या संहितेला आधी मान्यता घ्यावी लागते का?

ब्रिटिशांनी १८७६ साली आणलेला नाट्यप्रयोग अधिनियम केंद्राने रद्द केला आहे. मात्र महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाखालील नियमांच्या आधारे नाटकांच्या संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करण्याची पद्धत आहे, आणि पोलीस पथनाट्याच्या अर्जासोबतही मंडळाचे प्रमाणपत्र मागू शकतात. जनजागृतीच्या प्रयोगांबाबत संबंधित शासकीय विभागाचे पत्र असल्यास काम सोपे होते. राजकीय किंवा आंदोलनाशी निगडित आशय असेल तर पोलीस तो प्रयोग करमणूक न मानता निदर्शन मानतात आणि निदर्शनांसाठी नेमून दिलेल्या जागेचाच आग्रह धरतात, तसेच निवडणुकीच्या काळात आचारसंहितेमुळे ही छाननी अधिक कडक होते. त्यामुळे अर्जात प्रयोगाचा विषय लपवू नये.

किल्ले, वाडे आणि लेण्यांच्या परिसरात कार्यक्रम करता येतो का?

केंद्रीय संरक्षित स्मारकात लेखी परवानगीशिवाय नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकाचा वापर सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी, परिषद किंवा करमणुकीसाठी केंद्र शासनाच्या लेखी परवानगीविना करता येत नाही. पुण्याचा शनिवारवाडा आणि रायगड किल्ला या गटात येतात. स्मारकाच्या भिंतीबाहेरचा रस्ता मात्र महापालिकेचा असू शकतो, म्हणून सीमा कोठे संपते हे विचारून घ्यावे.

रेल्वे स्थानक, मेट्रो, एसटी स्थानक किंवा मॉल येथे?

या जागा लोकांना खुल्या दिसत असल्या तरी त्या रस्त्यासारख्या सार्वजनिक नाहीत. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १४४ नुसार डब्यात किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना विक्री करण्यास आणि भीक मागण्यास मनाई आहे आणि रेल्वे सुरक्षा दल गाडीत गाऊन पैसे घेणाऱ्यांवर याच कलमाचा आधार घेऊन कारवाई करते. स्थानकात कार्यक्रम करायचा असल्यास संबंधित विभागीय कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. मेट्रोसाठी त्या मेट्रोचे व्यवस्थापन, एसटी स्थानकासाठी आगार व्यवस्थापन आणि मॉल, गृहसंकुल किंवा देवस्थान यांसाठी त्यांचे व्यवस्थापन वा विश्वस्त यांची परवानगी लागते.

मुलांना सोबत घेऊन खेळ करता येतात का?

चौदा वर्षांखालील मुलांना कामावर लावण्यास १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्याने, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, सर्व व्यवसायांत मनाई आहे. बालकलाकारांसाठी दिलेली सूट अटींसह आहे, तिच्यातून सर्कस स्पष्टपणे वगळलेली आहे आणि मुलाच्या शिक्षणात व सुरक्षिततेत बाधा येता कामा नये ही तिची पूर्वअट आहे. दोरीवरून चालणारे किंवा उंच बांबूवर तोल सांभाळणारे मूल या सुटीत बसत नाही. याखेरीज बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७६ नुसार मुलाचा भीक मागण्यासाठी वापर करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि खेळ संपल्यावर ताटली घेऊन फिरणारे मूल या कलमाच्या अगदी जवळ जाते. डोंबारी कुटुंबांची परंपरा आणि त्यांची गरज आम्ही समजून आहोत; तरीही कोवळ्या वयातील मुलाच्या मानेवर आणि मणक्यावर उपजीविकेचा भार टाकणे योग्य नाही.

प्राण्यांचे खेळ?

अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवणे वा प्रदर्शित करणे केंद्राच्या १९९८ च्या अधिसूचनेने बंद झाले आणि २०११ मध्ये त्या यादीत बैलाचा समावेश करण्यात आला. नंदीबैलवाल्यांनी ही बाब जाणून घ्यावी. नाग व इतर सर्पांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे नागपंचमीला टोपलीत नाग घेऊन फिरणे हाही गुन्हाच आहे. यादीबाहेरच्या प्राण्याचा खेळ करायचा असल्यास भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

बहुरूप्याने पोलिसाचे सोंग घेतले तर गुन्हा होतो का?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ नुसार लोकसेवकाचा पोशाख किंवा चिन्ह फसवण्याच्या हेतूने धारण करणे हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. हेतू फसवण्याचा नसेल तर गुन्हा घडत नाही, परंतु रस्त्यावर हेतू सिद्ध करत बसणे कठीण असते. प्रत्यक्ष गणवेशावरील बोधचिन्हे, पदके आणि नावाची पट्टी टाळावी, रंग आणि कापड भडक व उघड नाटकी ठेवावे आणि सोंगात असताना कोणालाही दंड किंवा पावतीच्या भाषेत पैसे मागू नयेत.

जादूगारांनी कोणती काळजी घ्यावी?

हातचलाखी करमणूक म्हणून दाखवण्यास कोणतीही आडकाठी नाही. तीच हातचलाखी चमत्कार किंवा दैवी शक्ती म्हणून दाखवून लोकांना फसवणे किंवा पैसे उकळणे मात्र महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. खेळाच्या सुरुवातीस ‘हे सारे हाताचे कसब आहे’ असे जाहीरपणे सांगावे. आगीचे खेळ करताना हयगय झाली तर न्याय संहितेचे कलम २८७ लागू होऊ शकते. गर्दीच्या पदपथावर आगीचा खेळ करूच नये.

गावोगाव फिरणाऱ्या कलावंतांनी काय करावे?

गावात शिरण्यापूर्वी पोलीस पाटील, सरपंच किंवा नजीकच्या पोलीस चौकीत आपली माहिती द्यावी आणि ओळखपत्राची प्रत ठेवून यावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेतून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. वेश, भाषा किंवा वाद्य अनोळखी वाटले म्हणून माणसावर संशय घेतला जाणे ही भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलेली गोष्ट आहे, आणि नोंद करण्याचा हा सल्ला त्यांच्यावर आणखी एक बंधन घालण्यासाठी नसून त्यांच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी आहे. पंचायतींनीही अशा नोंदीस सन्मानाने आणि विनाशुल्क जागा द्यावी.

चित्रपटगीते गायली तर स्वामित्वहक्काचा भंग होतो का?

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार गीताचा व संगीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि जाहीर प्रयोगासाठी हक्कधारकाचा किंवा इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थेचा परवाना लागतो. संतांचे अभंग, जुन्या लावण्या आणि पारंपरिक गोंधळगीते यांच्या मूळ शब्दांवर असा हक्क उरलेला नाही, परंतु अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल संरक्षित असू शकते.

याची दुसरी बाजूही आहे. याच अधिनियमाने सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार आणि गारुडी यांचीही नावे घेतली आहेत आणि त्यांना आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क दिला आहे. आपल्या खेळाची चित्रफीत कोणी जाहिरातीसाठी विनासंमती वापरली तर मोबदला मागण्याचा अधिकार पदपथावरच्या कलावंतालाही आहे.

मिळालेल्या पैशांवर कर लागतो का?

सादरीकरणातून मिळालेली रक्कम हे व्यवसायाचे उत्पन्न आहे. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल तर आयकर नाही. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असल्यास त्या सेवेला वस्तू व सेवा करातून सूट आहे.

सादरीकरण चालू असताना पोलिसांनी थांबवले तर काय करावे?

थांबावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३६ खाली रस्त्यावरील सुव्यवस्थेसाठी पोलीस तोंडी निर्देशही देऊ शकतात आणि जमलेल्या गर्दीसमोर वाद घातल्यास साधा निर्देश गुन्ह्यात बदलण्याची भीती असते. वाद्य बाजूला ठेवून परवानगीची प्रत दाखवावी, अंमलदाराचे नाव व पोलीस ठाणे विचारून घ्यावे आणि कोणत्या कारणासाठी थांबवले ते लिहून ठेवावे. रहदारीला अडथळा हे कारण असेल तर न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे प्रेक्षकांचे कडे रस्त्यावर उतरू लागले की आपणच खेळ थांबवून लोकांना आत बोलवावे. वाद्य किंवा साहित्य जप्त केले गेल्यास पंचनामा व यादीची प्रत मागावी; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण होणे आवश्यक आहे. अटक झाल्यास तिची कारणे सांगणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

अर्जाला उत्तरच मिळत नसेल किंवा कारण न देता नकार मिळाला तर?

प्रथम लेखी कारण मागावे. तेही न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. महाराष्ट्रात अशा अर्जाला एक विषय आणि दीडशे शब्द ही मर्यादा आहे, म्हणून ‘माझ्या आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरील टिपणी व अभिप्रायांच्या प्रती द्याव्यात’ एवढेच विचारावे. माहिती तीस दिवसांत द्यावी लागते. टिपणीत नकाराचे कारण सापडले की ते दूर करून, म्हणजे वेळ बदलून, ध्वनिवर्धक वगळून किंवा जागा थोडी सरकवून, नव्याने अर्ज करता येतो आणि पुष्कळ प्रकरणे येथेच मार्गी लागतात. त्यानंतरही नकारच आला तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे दाद मागावी आणि अखेरीस उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला आहे.

मिळालेल्या परवानगीत वेळ किंवा जागा ऐनवेळी बदलता येते का?

नाही. परवानगी त्या जागेपुरती, त्या वेळेपुरती आणि अर्जात नावे दिलेल्या कलावंतांपुरती असते. पावसामुळे प्रयोग रद्द झाला तर नव्या तारखेसाठी मूळ परवानगीची प्रत जोडून पुन्हा अर्ज करावा.